नागपुरी उन्हाच्या हिशेबाने

पर्यावरण जपून जगण्याच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्या बहुधा थंड हवेच्या गावी बसून केलेल्या असतात. बांबूचा टूथब्रश घ्या, स्टीलची स्ट्रॉ वापरा, कापडी पिशवी बाळगा. यात चुकीचं काही नाही. पण जिथे मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो आणि सूर्य रोहिणीत कधी जातो हे लोक नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ होरपळत्या दिवसांच्या, धास्तीने पाहून ठेवतात, तिथे ब्रशच्या दांडीने फार काही हलत नाही. नागपुरातल्या घराचा निसर्गावरचा भार मार्च ते जून या चार महिन्यांत चढतो, आणि तो दोन मीटरांवर उघड दिसतो. एक विजेचा, दुसरा पाण्याचा.

वीज कुठून येते हे नागपूरकराला नकाशात शोधावं लागत नाही. कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक केंद्रं शहराच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर उभी आहेत. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि मागे राख उरते. पाणी येतं पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. म्हणजे घर थंड ठेवण्याची किंमत दूर कुणी भरत नाही, ती इथल्याच हवेत, इथल्याच नदीत चुकती होते. म्हणून बदल लहान असले तरी चालतील, पण ते योग्य जागी पडले पाहिजेत. आणि माझ्या मते ती पहिली जागा डोक्यावर आहे.

सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते रात्री खोलीत सोडतो. रात्री अकराला पंखा गरम हवा फेकतो तो याच कारणाने. पंख्याचा त्यात काही दोष नाही, तो छताखालची तापलेली हवा खाली ढकलतो एवढंच. तेव्हा कूलर बाहेर काढण्याआधी छत पांढरं करावं. साधा चुन्याचा हात पुरतो, पण तो लावायची रीत चुकली की एप्रिलमध्येच चुना भुकटी होऊन उडायला लागतो. चुना टिकतो तो ओल्या पृष्ठभागावर आणि सावकाश वाळला तर. म्हणून काम मार्चमध्ये, सूर्य कलल्यावर करायचं. आधी छत खराट्याने झाडून शेवाळ आणि धूळ काढायची, मग पाणी मारून स्लॅब ओला करायचा आणि त्यावर ब्रशवरून सहज ओघळेल इतक्या पातळ कालवलेल्या चुन्याचा पहिला हात आडवा द्यायचा. तो वाळला की दुसऱ्या संध्याकाळी उभा हात. चिकटून राहण्यासाठी चुन्यात थोडा पांढरा सिमेंट आणि फेव्हिकॉल मिसळतात. जाड थर एकदाच फासला की तो तडकतो आणि पापुद्रे सुटतात, त्यामुळे दोन पातळ हातच बरे. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी करावा लागतो. पैसे जास्त घालायची तयारी असेल तर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं निघतो. दोन्हींवर धूळ बसली की काम अर्ध्यावर येतं, म्हणून आठवड्यातून एकदा झाडू फिरवणं हा त्या रंगाचाच भाग समजावा.

हिरवी जाळी हा दुसरा उपाय. आता उन्हाळ्यात सिग्नलवरसुद्धा ती टांगलेली दिसते. ७५ टक्के सावली देणारी जाळी घ्यावी आणि ती स्लॅबपासून किमान सहा-सात फूट वर ताणावी. जाळी स्लॅबवर अंथरणारे लोक दिसतात, त्याने फायदा फारसा होत नाही, कारण तापलेली जाळी स्वतःची उष्णता थेट खाली देते. मध्ये वारा वाहायला हवा. दोऱ्या दर पंधरा दिवसांनी आवळायच्या आणि मेच्या शेवटी वादळं सुरू झाली की जाळी उतरवून ठेवायची. फडफडणारी जाळी आधी कडी उपटते आणि मग शेजाऱ्याचा डिश अँटेना.

संध्याकाळी छतावर पाणी मारायची इथली जुनी सवय आहे. थंडावा मिळतो यात शंका नाही. पण १००० चौरस फुटांच्या छतावर नुसता एक मिलिमीटर पाण्याचा थर म्हणजे ९० लिटरपेक्षा जास्त पाणी, आणि तापलेला स्लॅब ते पाहता पाहता उडवून टाकतो. पांढरं छत आणि जाळी असेल तर ही बादल्यांची ओढाताण करायची गरजच उरत नाही.

खिडकीचंही तसंच. जाड पडदा आत लावला तर ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर अडतं, म्हणजे उष्णता घरातच राहते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी लावली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. महाल-इतवारी या जुन्या भागांतल्या वाड्यांना जाड भिंती आणि ओसरी होती, त्यांना हे वेगळं शिकावं लागलं नाही. आजच्या लेआउटमधल्या, म्हणजे नव्या वसाहतींतल्या, चार इंची भिंतीच्या घरांना शिकावं लागतं.

आता कूलर. नागपूरचा उन्हाळा कूलरशिवाय सांगताच येत नाही, आणि हवेचं गणित पाहिलं तर तो इथे अगदी योग्य जागी आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, हवा जितकी कोरडी तितकं हे काम जोरात चालतं. एप्रिल-मेच्या दुपारी हवेत आर्द्रता १५ ते २० टक्क्यांवर आलेली असते. अशा वेळी बाहेर ४४ अंश असताना नीट चालणारा कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला १५० ते २०० वॉट लागतात. दीड टनाचा एसी भर उन्हात तासाला सव्वा ते दीड युनिट घेतो. फरक किमान सहापट आहे. जूनच्या मध्यावर आर्द्रता ६० टक्के झाली की मात्र कूलर हात टेकतो. तेव्हा हवा गार होत नाही, फक्त चिकट होते. त्या दिवसांत पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, पाणी वाया घालवू नये.

पाणी हा कूलरचा खरा खर्च आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठा लोखंडी कूलर मेच्या दुपारी तासाला १५-२० लिटर पाणी उडवतो. दिवसाचे बारा तास धरले तर एका कूलरमागे दोनशे लिटर. यातलं जे थंडाव्यासाठी उडतं ते उडणारच. वाचवायचं आहे ते गळणारं, टाकी भरून वाहणारं आणि गरज नसताना उडणारं. टाकीला पाणी भरलं की आपोआप बंद होणारा बॉल कॉक बसवला तर नळी लावून विसरण्याचा प्रकार थांबतो. रात्री दोननंतर बाहेरची हवा बरीच उतरलेली असते, तेव्हा पंप सतत चालवायचं कारण नाही. पंपाच्या वायरला साधा टायमर लावून अर्धा तास चालू, अर्धा तास बंद असं ठेवलं तरी कूलरच्या बाजूच्या ताट्या ओल्या राहतात.

ताट्यांकडे नीट पाहायला हवं. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक किसाच्या, ताट्या एका हंगामाच्याच असतात. दोन महिन्यांत भुसा खाली बसतो आणि चौकटीच्या वरच्या भागात हातभर फट पडते. हवा नेहमी सोपी वाट धरते, त्यामुळे त्या फटीतून लू सरळ आत येते आणि खालच्या ओल्या भागाला कुणी विचारत नाही. कूलर चालू असताना प्रत्येक ताटीसमोर हात धरून पाहावा, जिथून ओढ जास्त लागते तिथे फट आहे. दोन-चार मुठी नवीन वुडवूल कोंबला की काम होतं, अख्खी ताटी बदलायची गरज नाही. दुसरी तपासणी पाण्याच्या वाटेची. वरच्या पन्हळीला किंवा नळीला जी बारीक भोकं असतात ती क्षारांनी बुजतात. मग ताटीवर ओले आणि कोरडे पट्टे दिसतात. खराट्याच्या काडीने भोकं मोकळी केली की पट्टे जातात. पंखा मंद फिरून गुणगुणत असेल तर मोटर जळाली असं लगेच समजू नये, बऱ्याचदा कपॅसिटर कमजोर झालेला असतो आणि तो स्वस्तात बदलून मिळतो. हनीकोंब पॅड महाग पडतात, पण काही वर्षं टिकतात आणि पाणी सगळीकडे सारखं धरतात. त्यांचा शत्रू बोअरचं जड पाणी. क्षार बसून त्यांची जाळी दगड होते, म्हणून बोअर असलेल्या घरी साध्या ताट्याच परवडतात.

क्षारांचं गणित सोपं आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज वरून भर घालत गेलं तर आठवड्याभरात टाकीतलं पाणी मूळच्या कितीतरी पट खारट होतं. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. ते पाणी कुंड्यांना न घालता संडासात किंवा अंगण धुवायला वापरावं. रिकामी करताना आणखी एक काम उरकतं. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीवर. ती अंडी कोरड्या पत्र्यावर कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती जागेवरच राहतात, टाकीची भिंत घासणीने घासावीच लागते. जुलैत कूलर वापरात नसतो आणि त्यात पावसाचं पाणी साचतं, तो काळ सर्वांत धोक्याचा.

आणि खिडकी. कूलर खोलीत जेवढी हवा ढकलतो तेवढी बाहेर जायला वाट हवी. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवला की अर्ध्या तासात खोली दमट होते आणि मग लोक म्हणतात, कूलरमध्ये दम नाही. समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवून फटीपाशी कागदाचा कपटा धरावा. तो बाहेर ओढला गेला तर बरोबर. टाकीत बर्फ टाकण्याचा कार्यक्रम मात्र सोडून द्यावा. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेतं. वर तो बर्फ करताना फ्रिजने ती सगळी उष्णता स्वयंपाकघरातच सोडलेली असते. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यामुळे वीज वाचवण्याच्या कुठल्याही गप्पांच्या आधी हे यायला हवं.

एसी ज्यांच्याकडे आहे त्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा आकडा २६ वर न्यावा आणि सोबत पंखा चालवावा. प्रत्येक अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम चालवणं म्हणजे एकाने हवेत ओल भरायची आणि दुसऱ्याने ती काढायला वीज जाळायची. पंख्याचं पाहिलं तर जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा ३० च्या. इथे पंखा वर्षातले आठ-नऊ महिने चालतो, म्हणून घरातला सगळ्यात जास्त फिरणारा पंखा आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला राहिला तरी चालेल. विजेच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत आणि टप्पा ओलांडल्यावरचं युनिट महाग पडतं, त्यामुळे वाचलेलं शेवटचं युनिट बिलात सर्वांत जास्त दिसतं.

छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना एक गोष्ट सहसा आधी सांगितली जात नाही. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर पॅनेल जसजसं तापतं तसतसं दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज जातं. तेव्हा मेमध्ये विक्रमी वीज होईल ही अपेक्षा ठेवू नये. वर्षभराची सरासरी किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटांच्या आसपास धरावी. पॅनेल धुवायचं ते सकाळी, काच थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर पाणी टाकलं की काचेला इजा होऊ शकते आणि क्षारांचे डाग तर पडतातच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. पॅनेलखालचा स्लॅब सावलीत जातो, हा फायदा कोणत्याही तक्त्यात नसतो.

पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी आरओ बसला आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तो दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी नदीचं आहे, जमिनीखालचं नाही, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. नळाचं पाणी मोजून पाहावं, आकडा ५०० च्या बराच खाली असेल तर आरओची गरज नाही, यूव्ही गाळणी पुरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हाच ५०० चा आकडा धरून आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. बोअरवर असलेल्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे आरओचं सांडपाणी बादलीत धरून फरशी पुसायला घ्यावं. कूलरमध्ये ते ओतू नये, ताट्या आठवड्यात पांढऱ्या होतील.

याच दिवसांत शहरभर पानगळ असते. कडुनिंब, पिंपळ, साग, शिसव, सगळ्यांची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली येतात. सकाळी ती झाडून कोपऱ्यात गोळा केली जातात आणि कुणीतरी काडी ओढतं. त्या धुराने डोळे चुरचुरतात हे झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे वर्षभर लागणारा माल जळून जातो. घरचा ओला कचरा कुजवायला कोरडी पानं लागतात, आणि ती जुलैत शोधून सापडत नाहीत. मार्चमध्येच चार-पाच पोती भरून कोरड्या जागी ठेवावीत. कडुनिंबाची आणि शिसवाची बारीक पानं उत्तम. सागाचं पान हातभर मोठं आणि चामड्यासारखं जाड, ते तुडवून चुरा केल्याशिवाय घेऊ नये.

चार माणसांच्या घरी रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्या पुरतात. तळाला आणि चहूबाजूंनी बोटभर अंतरावर भोकं पाडायची, भोक पेन्सिल जाईल एवढं. बादली विटांवर उचलून ठेवायची, म्हणजे खालून हवा खेळते. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काटक्यांचा चार बोटं थर. मग रोजचं काम दोन मिनिटांचं. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, भाजीची देठं, चहाचा चोथा, फळांच्या साली बारीक करून टाकायच्या आणि वरून दुप्पट कोरडी पानं. माप वजनाचं नाही, आकाराचं. एक वाडगा ओलं, दोन वाडगे कोरडं. सुरुवातीला आंबट ताक किंवा शेणाचं पाणी शिंपडलं की जंतूंना चालना मिळते. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करायचं. एक बादली भरली की झाकून बाजूला, दुसरी सुरू. दीड-दोन महिन्यांत पहिली तयार होते, चाळून घ्यायची आणि न कुजलेलं पुन्हा नव्या बादलीत.

काय बिघडलं हे वास सांगतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालं, पानं वाढवा. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, पूर्ण उलथून काढा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं आहे, पाणी शिंपडा. पांढरी बुरशी ही चांगली खूण. जाड, करड्या अळ्या दिसल्या की घरातली मंडळी बादली फेकायला निघतात, पण त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि कुणाला चावत नाहीत. नागपुरातला खरा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिलमध्ये बादली दोन दिवसांत कोरडी ठक्क पडते आणि कुजणं थांबतं. मूठभर माल घट्ट पिळला तर एक-दोन थेंब यावेत इतकी ओल हवी. बादली सावलीत ठेवून तोंडावर ओला बारदाना टाकावा. सावजी रश्श्याचं तेल आणि हाडं यात नकोत, उंदीर आणि घुशी त्यावरच येतात.

हे सगळं ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान कचरागाडीत ओलं-सुकं वेगळं द्यावं. एकत्र कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोतल्या ढिगात जातो, तिथे हवेशिवाय कुजतो, मिथेन सोडतो, आणि उन्हाळ्यात ढिगाला आगी लागतात. त्या धुरात राहणारी माणसं वेगळी असतात, कचरा करणारी वेगळी.

पन्नीबद्दल, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीबद्दल, लिहिण्यासारखं थोडंच आहे. राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि डेली नीड्सच्या काउंटरवर ती अजून मिळते. जुन्या साडीची किंवा जीन्सची पिशवी शिवून गाडीच्या डिक्कीत ठेवावी. नवीन कापडी पिशव्या विकत घेत सुटणं हे कापसाच्या प्रदेशात राहून तरी करू नये, एका किलो कापसामागे हजारो लिटर पाणी लागतं.

पावसाळ्याचा विषय मात्र गंभीर आहे. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. १००० चौरस फुटांच्या छतावर त्यातून सगळी गळती वजा जाता ८० हजार लिटर पाणी उतरतं. ते गटारात जातं, कारण अंगणभर गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवलेले असतात आणि समोर सिमेंट रोड. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. घरामागच्या एका खड्ड्याने तसा पूर थांबत नाही, हे कबूल. पण खड्डा बोअरला पाणी देतो, आणि तेवढ्यासाठीही तो करण्याजोगा आहे.

हे खड्डे बरेचदा फसतात, आणि कारण माती. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. वरवरचा चार फुटी खड्डा पहिल्या आठवड्यातच डबकं होतो. खोदाई काळ्या मातीचा थर संपून मुरूम लागेपर्यंत न्यावी लागते. तो कुठे लागेल हे लेआउटप्रमाणे बदलतं. शहराचा पश्चिम भाग बेसाल्टवर आहे, पूर्वेकडे जुना नाइस खडक, म्हणून शेजारच्या घराची विहीर किंवा बोअर खोदताना काय लागलं ते विचारून घ्यावं. साधारण पाच फूट लांब-रुंद खड्डा, तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, सगळ्यात वर जाडी रेती. रेतीचा वरचा थर दरवर्षी मेमध्ये काढून धुवायचा, गाळ त्यातच अडतो. पायव्यापासून खड्डा किमान दहा फूट दूर ठेवावा, कारण फुगणारी-आकसणारी काळी माती भिंतींना तडे देते. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, त्यात धूळ, पाखरांची घाण आणि मार्चमध्ये लावलेला चुना असतो. आणि छताचा पाइप गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडायचा नाही. एकदा घाण आत गेली की ती काढायची सोय नसते.

हिवाळ्यात अंबिया बहाराची संत्री येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. घरोघरी सालींचा ढीग पडतो. खताच्या बादलीत त्या थोड्याच चालतात, सालीतलं तेल जंतूंना मानवत नाही आणि मोठे तुकडे तसेच पडून राहतात. बाकीच्यांचं फरशी पुसायचं बायोएन्झाइम करता येतं. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी, आणि हे सगळं दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत, वर एक तृतीयांश जागा रिकामी ठेवून. काचेची बरणी घेऊ नये, आत वायू होतो आणि बरणी फुटते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, मग आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी गाळून घ्यायचं. वर पांढरी साय आली तर हरकत नाही, काळी बुरशी आली तर गूळ कमी पडला किंवा साली पाण्याबाहेर राहिल्या. तेव्हा थोडा गूळ घालून साली दाबाव्यात.

यानं नद्या शुद्ध होतात वगैरे जे सांगितलं जातं ते सोडून द्यावं. हे एक आंबट, सौम्य क्लीनर आहे, एवढंच. बादलीभर पाण्यात दोन झाकणं टाकून व्हिट्रिफाइड टाइल्स, सिंक, संडासाचं भांडं छान निघतं. शहाबादी, कोटा आणि संगमरवरावर मात्र ते कधीही टाकू नये, हे दगड चुन्याच्या जातीचे आहेत आणि आम्लाने त्यांची चकाकी कायमची जाते. जुन्या घरांत शहाबादीच जास्त असते, तिथे साधं पाणी आणि ओलं फडकं पुरे. ब्लीचिंग पावडर किंवा फिनेलच्या जागी वापरायचं असेल तर ते बदल्यातच वापरावं, सोबत नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. गाळून उरलेला चोथा पानं मिसळून बादलीत टाकता येतो, तोही एकदम नाही, रोज मूठभर.